शोधायला कोण येतं, ते पाहा

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही: गळ्यात पट्टा असलेलं, धापा टाकणारं, कुणाच्याही जवळ न येणारं एखादं कुत्रं. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. आदल्या रात्रीचे फटाके त्याने कसे सोसले असतील याची कल्पना आपल्याला करता येत नाही. कोणीतरी बिस्किटं दाखवून त्याला धरतं, घरी नेतं, त्याचा फोटो फिरतो आणि एक-दोन दिवसांनी मालकाचा फोन येतो. इथून पुढे जो वाद सुरू होतो तो मी गेली काही वर्षं पुण्यात सतत ऐकते आहे. एका बाजूचे लोक म्हणतात, ज्यांना दार बंद ठेवता येत नाही त्यांना कुत्रा पाळायचा हक्कच नाही, अजिबात परत देऊ नका. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, कुत्रा त्यांचा, पैसे त्यांनी मोजले, तुम्ही कोण न्यायनिवाडा करणारे? दोन्हीकडचे आवाज चढतात, आणि ज्याच्याविषयी हे चाललंय तो कुणाच्या तरी बाल्कनीत दाराकडे तोंड करून बसून राहतो.

माझं मत आधीच सांगते. सापडलेला कुत्रा त्याच्या माणसांकडे परत जावा हाच नियम असला पाहिजे. मात्र तो नुसता पट्टा हातात देऊन परत जाऊ नये. ओळख पटवून, नोंद करून, झालेला खर्च घेऊन आणि दोन-तीन अटी घालून जावा. परत न देण्याची वेळ कधीकधी खरोखर येते, पण तो निर्णय ज्याला कुत्रा सापडला त्याने एकट्याने, स्वतःच्या घरात बसून घ्यायचा नसतो. आणि माणूस बेपर्वा आहे का हे ठरवायचंच असेल, तर कुत्रा कसा निसटला यापेक्षा तो निसटल्यावर त्या घराने काय केलं, याची चौकशी आधी करावी.

आताची चर्चा मला वाईट वाटते ती एवढ्यासाठी, की दोन्ही पक्ष फक्त माणसांबद्दल बोलतात. एकाला मालकाला शिक्षा करायची आहे, दुसऱ्याला मालकाची मालमत्ता राखायची आहे. उद्यापासून या जनावराचे दिवस कुठे बरे जातील हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात शेवटी येतो, आला तर. शिवाय ‘निष्काळजी’ या एकाच शिक्क्याखाली आपण काय काय भरतो! कामवाल्या मावशींनी कचरा ठेवायला दार उघडलं आणि कुत्रा त्यांच्या पायांतून निसटला. माजावर आलेल्या कुत्रीच्या वासाने नसबंदी न झालेला नर कंपाउंडवरून उडी मारून गेला. म्हाताऱ्या, अर्धवट आंधळ्या कुत्र्याला घराची वाटच आठवली नाही. घर बदललं आणि तो जुन्या घराकडे चालत निघाला. आणि कुणी घाटात गाडी थांबवून त्याला खाली उतरवलं आणि गाडी पळवली. ही सगळी उदाहरणं एका रांगेत उभी करून सगळ्यांना एकच निकाल लावायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

तरीही परत देऊ नका म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. त्यातल्या अनेकांनी माझ्यापेक्षा जास्त जखमा धुतल्या आहेत. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा कायद्याचा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला, त्यातून तो आला. त्याच्या कलम ११ मध्ये कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, खायला-प्यायला न देणं, कारणाशिवाय सोडून देणं, हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. आणि पहिल्या गुन्ह्याची शिक्षा? दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पन्नास रुपयांत आज पुण्यात धड दोन वडापाव आणि चहाही येत नाही. मग रेस्क्यूचं काम करणारी एखादी मुलगी म्हणते, “तक्रार करून काय मिळवू? माझ्या हातात एकच गोष्ट आहे, कुत्रा परत न देणं,” तेव्हा तिला खोटं ठरवणं सोपं नाही.

दुसरा मुद्दाही तितकाच खरा आहे. चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी? चांगल्या माणसाला कुत्रा परत दिला नाही तर माणूस रडेल. वाईट माणसाला परत दिला तर कुत्रा मरेल. पुढच्या वेळी तो नगर रस्त्यावर किंवा कात्रज बायपासला ट्रकखाली सापडेल आणि त्याला उचलायला कुणी नसेल. बोलता न येणाऱ्याच्या बाजूने चुकावं, असं हे लोक म्हणतात. ऐकताना पटतं. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: समोरचं घर वाईट आहे हे आपल्याला कळतं. खरंच कळतं का?

कुत्र्याच्या अंगावरून त्याच्या घराची परीक्षा करणं किती फसवं आहे, हे कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. अंगावर गोचिडी आहेत म्हणजे कुणी लक्ष देत नव्हतं, असं पटकन म्हटलं जातं. पावसाळ्यानंतर पुण्यातल्या गवतात एक दिवस काढलेल्या कोणत्याही कुत्र्याच्या कानात गोचिडी मिळतील, आणि गोचीडतापाने प्लेटलेट उतरून मलूल पडलेले कुत्रे अतिशय जपणाऱ्या घरांतूनही दवाखान्यात येतात. केस गेलेले चट्टे दिसले की लोक ‘खरूज, हाल केलेत’ म्हणतात. पण डेमोडेक्सची खरूज ज्या किड्यामुळे होते तो बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या कातडीतही असतोच, प्रतिकारशक्ती ढासळली की तो डोकं वर काढतो. बरगड्या दिसणारा दहा-बारा वर्षांचा कुत्रा उपाशी असेल किंवा त्याच्या किडन्या निकामी होत असतील. चार दिवस डांबरावर चाललेल्या कुत्र्याचे तळवे सोलतात, केसांच्या जटा होतात, वजन उतरतं. ही अवस्था हरवण्याची आहे, घराची नाही. आणि सगळ्यात जास्त गैरसमज भीतीवरून होतो. हात उचलला की अंग चोरतो, झाडू पाहिला की कोपऱ्यात जातो, म्हणजे त्याला मारत असणार. असेलही. पण पहिल्या तीन-चार महिन्यांत ज्या पिल्लाचा फारशा माणसांशी संबंध आला नाही ते जन्मभर असंच वागू शकतं, आणि फटाक्यांच्या रात्रीनंतर परक्या घरात आलेलं सगळ्यात लाडावलेलं कुत्रंही तसंच वागतं.

अंगावरच्या काही खुणा मात्र खोटं बोलत नाहीत. पिल्लूपणी बांधलेला पट्टा सैल न केल्यामुळे मानेच्या मांसात रुतलेला असतो. वाढत वाढत गोल फिरून पंजाच्या गादीत घुसलेलं नख असतं. जुनी, चुकीची जुळलेली हाडं एक्स-रेत दिसतात. वेतामागून वेत काढून लोंबलेली आचळं आणि त्यांवर वर्षानुवर्षं कुणी न दाखवलेल्या गाठी असतात. या चार दिवसांत होणाऱ्या गोष्टी नाहीत, त्यांना महिने लागतात. फरक कळायला डॉक्टरांचा हात लागतो. फोटो पाहून तो कळत नाही आणि रागावलेल्या मनाला तर मुळीच कळत नाही. म्हणून सापडलेल्या कुत्र्याची पहिली भेट दवाखान्यात व्हावी आणि डॉक्टरांनी जे पाहिलं ते तारखेसह लेखी घ्यावं. वाद झालाच तर हा एक कागद पन्नास संतप्त संदेशांवर भारी पडतो.

आता एक अवघड गोष्ट बोलते. ‘परत देऊ नका’ हा आग्रह नेमका कोणत्या कुत्र्यांबाबत धरला जातो? लॅब्रॅडॉर, हस्की, शिह त्झू, गोल्डन. गावठी कुत्रा पट्ट्यासकट सापडला तर त्याच्या मालकाच्या लायकीवर कुणी रात्रभर चर्चा करत नाही. मालक आला तर सुटकेचा निःश्वास टाकून त्याच्या हाती देतात. आणि ‘निष्काळजी’ हा शिक्का कोणत्या घरांवर लवकर बसतो? जिथे कुत्रा सोफ्यावर झोपत नाही, दिवसभर मोकळा हिंडतो, आदल्या दिवशीचा भात-भाकरी खातो, तिथे. बालेवाडीकडच्या एका बांधकामावर लातूरकडचा एक रखवालदार पत्र्याच्या खोलीत बायकोमुलांसह राहायचा. आधीच्या सुपरवायझरने बदली झाल्यावर आपला अल्सेशियन त्याच्याकडे सोडला होता. रात्रभर दोघं मिळून साइट राखायचे. कुत्रा एका रात्री फिरत लांब गेला, जवळच्या सोसायटीतल्या भल्या लोकांना सापडला. अंगावर चट्टे होते, लसीचं कार्ड नव्हतं. रखवालदार शोधत शोधत तिथे पोहोचला तेव्हा त्याच्याकडे पुरावा मागितला गेला. “ताई, कागुद न्हाई माझ्याकडं,” तो मला म्हणाला, “पर हाक मारून बघू द्या की त्याला. मोबाइलमधी पोरांसंगं फोटू हायेत त्याचे.” तोवर कुत्रा परगावच्या एका कुटुंबाला दत्तक दिला गेला होता. ज्यांनी दिला ते दुष्ट नव्हते. त्यांनी औषधपाणी मनापासून केलं होतं. फक्त एका पत्र्याच्या खोलीला घर म्हणायला त्यांचं मन तयार झालं नाही.

आपल्या शहरांत ‘मालकाचा’ आणि ‘बेवारस’ यांतली रेघ कधीच ठळक नव्हती. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली, बाजार बंद पडले. सरकारच्या वहीत जी मोकाट होती ती वस्तीच्या लेखी कुणाची तरी होती. रोजच्या घासाची, ओळखीची. आजही पुण्यातल्या पेठांमध्ये, वस्त्यांमध्ये, वीटभट्ट्यांवर अशी कुत्री आहेत. ती फ्लॅटमधल्या कुत्र्यासारखी पाळलेली नसतात, म्हणून पाळलेलीच नसतात असं होत नाही. मोकळं सोडण्यात धोका आहे, हे मी नाकारत नाही. लस टोचलीच पाहिजे, नसबंदी केलीच पाहिजे, आणि रस्त्यावर रात्री सोडणं बंद व्हायला हवं. पण ज्याला हे माहीत नाही किंवा परवडत नाही, त्याला ते मिळवून देणं आणि त्याच्याकडून कुत्रा काढून घेणं, या दोन मार्गांत आपण दुसरा इतक्या चटकन का निवडतो?

या बाबतीत २००५ सालची अमेरिकेतली एक गोष्ट आपल्याकडे माहीत असायला हवी. कटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं. सुटकेच्या बसमध्ये, निवाऱ्यांत प्राण्यांना घ्यायची परवानगी बहुतेक ठिकाणी नव्हती, म्हणून हजारो घरांत कुत्री-मांजरं मागे राहिली. प्राणिमित्रांनी जिवावर उदार होऊन त्यातली पुष्कळ वाचवली आणि देशभर पाठवली. लोकांनी ती दत्तक घेतली. काही महिन्यांनी सर्वस्व गमावलेले मूळ मालक शोध घेत पोहोचले तेव्हा काही नव्या घरांनी कुत्री द्यायला नकार दिला: तुम्ही टाकून गेलात, आम्ही वाचवलं. खटले चालले. त्या मालकांत गरीब आणि कृष्णवर्णीय बरेच होते, आणि टाकून जाण्याचा पर्याय त्यांनी निवडलेला नव्हता, तो त्यांच्यावर लादला गेला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने आपत्तीच्या वेळी प्राण्यांनाही हलवण्याची योजना राज्यांनी आखावी असा कायदा केला. आपल्याकडे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगरच्या बाजूने पाणी घरांत घुसलं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत तेच झालं. अंधारात म्हाताऱ्या आईला खांद्यावर घेऊन गच्चीवर चढणाऱ्या माणसाच्या हातून कुत्र्याचा पट्टा सुटला, तर सकाळी त्याला बेपर्वा ठरवायचं का?

परत न देण्याच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली आहे. सिद्धार्थाने बाण लागलेला हंस उचलला, देवदत्त म्हणाला, मी मारला, माझा आहे. निर्णय झाला की मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा. सुंदर गोष्ट आहे आणि माझी तिच्यावर श्रद्धा आहे. पण ती इथे लावण्याआधी नीट आठवावी. देवदत्ताने बाण सोडला होता. फाटक उघडं राहिलेला माणूस देवदत्त नाही. हंस आकाशातला होता, त्याला घर नव्हतं, त्याची वाट पाहणारं दहा वर्षांचं पोर नव्हतं. आणि हंस आपला हे सिद्धार्थाने स्वतः ठरवून टाकलं नाही. तंटा जाणत्यांपुढे गेला, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, मग निकाल लागला. बरा झाल्यावर हंस उडून गेला. वाचवणाऱ्याने त्याला आपल्या अंगणात ठेवून घेतलं नाही.

निवाडा तिसऱ्याने करायचा, हे तत्त्व मला या सगळ्यात मोलाचं वाटतं. मुलांच्या बाबतीत आपण ते कष्टाने शिकलो. एकेकाळी मूल म्हणजे जवळपास बापाची मालमत्ता होतं. इंग्लंडमध्ये सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा मागण्याची मुभा आईला १८३९ मध्ये मिळाली. आपल्याकडे १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात मुलाच्या कल्याणाचा विचार आला, आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचं कल्याण सर्वोपरी मानलं. म्हणजे मालकी हक्काला मर्यादा असते, हे मान्य झालं. कुत्र्याच्या बाबतीतही ते मान्य व्हायला हवं, या मताची मी आहे. पण मुलाचं कल्याण कशात आहे हे ठरवायचा अधिकार रस्त्यात मूल सापडलेल्या माणसाला दिला गेला का? पुणे स्टेशनवर एखादं पळून आलेलं मूल सापडलं तर ते बालकल्याण समितीपुढे जातं. घरची चौकशी होते, सामाजिक तपासणीचा अहवाल येतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाला त्याच्या कुटुंबात परत पोहोचवणं हे बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट आहे आणि संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय. ज्या मुलाचे आईबाप गरीब आहेत, गोंधळलेले आहेत, चुकलेले आहेत, त्याच्याही बाबतीत आधी घर सावरायचा प्रयत्न करायचा. मग कुत्र्याच्या बाबतीत आपला पहिला विचार घर तोडण्याचा का असावा?

कुणी म्हणेल, समिती मुलांसाठी आहे, कुत्र्यासाठी कुठे आहे? तर आपल्या गावगाड्यात जनावरांसाठी एक व्यवस्था होतीच: कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने तिला चौकट दिली. मोकाट जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरलं की कोंडवाड्यात जायचं. मालक आला की दंड आणि वैरणीचा खर्च भरून सोडवून न्यायचा. सात दिवसांत कुणी आलं नाही तर जाहीर नोटीस लागायची, आणखी सात दिवस वाट पाहून मगच लिलाव. कोंडवाडे प्रेमळ जागा होत्या असं मी म्हणणार नाही, तिथे गुरांचे हालही झाले. पण त्या व्यवस्थेत चार गोष्टी सरळ होत्या: मालकाला जनावर मिळायचं, फुकट मिळायचं नाही, नोंद राहायची, आणि मुदत संपली की मालकाचा हक्कही संपायचा. गावात कोणाची गाय तिसऱ्यांदा आत आली हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आज सापडलेल्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. एक तर हात जोडून, आभार मानून तो फुकट परत जातो, नाहीतर गुपचूप नाहीसा होतो.

कायदा वाटतो तितका रिकामाही नाही. कायद्याच्या नजरेत आज कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे, हे मला आवडत नाही, पण तसं असल्यामुळे १८७२ च्या करार कायद्यातली दोन कलमं इथे लागू पडतात. कलम ७१ म्हणतं, सापडलेली वस्तू जवळ ठेवणाऱ्याने तिची राखण जबाबदारीने करायची. कलम १६८ म्हणतं, ती सांभाळण्याचा आणि मालक शोधण्याचा खर्च मिळेपर्यंत त्याला ती रोखून धरता येते. म्हणजे परत न देण्याची धमकी न देताही हातात वजन आहे: औषधांची बिलं भरा, मग न्या. याच्या उलट, मालक कोण हे माहीत असताना किंवा सहज कळण्यासारखं असताना कुत्रा स्वतःचा म्हणून ठेवून घेतला, तर तो अप्रामाणिक अपहार होऊ शकतो; जुन्या दंडसंहितेचं कलम ४०३, आताच्या भारतीय न्याय संहितेचं ३१४. चांगल्या हेतूने काम करणाऱ्या तरुण मुलांवर असे गुन्हे दाखल झाले तर नुकसान कुणाचं होईल?

आणि जे नुकसान लगेच डोळ्यांना दिसत नाही, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. हरवलेला कुत्रा सापडतो तो पूर्णपणे अनोळखी लोकांच्या विश्वासावर. पेपरवाला, रिक्षावाले, मेडिकलवाला, सोसायटीचा रखवालदार, टेकडीवरची मंडळी, यांच्यातलं कुणीतरी फोन करतं. ज्या दिवशी लोकांना वाटू लागेल की कुत्रा हरवल्याचं जाहीर केलं तर आपलीच परीक्षा घेतली जाईल, आपलं घर, पगार, स्वयंपाकघर तपासलं जाईल, त्या दिवशी लोक जाहीर करणं थांबवतील. आणि ज्यांना कुत्रा सापडेल ते, मालक आला तर भांडण नको म्हणून, फोटोच टाकणार नाहीत. अशाने निष्काळजी माणूस सुधारत नाही, तो दुसरं पिल्लू विकत आणतो. नुकसान त्याचंच होतं जो रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन गल्लीबोळांत नाव पुकारत हिंडतोय. शिवाय पुण्यातल्या निवाऱ्यांत आणि तात्पुरता सांभाळ करणाऱ्या फोस्टर घरांत जागा आधीच कमी. ज्याला घर आहे असा कुत्रा अडवून ठेवला की ज्याला खरोखर कुणी नाही त्याची जागा जाते.

म्हणूनच मी शोधावर भर देते आहे. कुत्रा हरवणं कुणाच्याही हातून होतं, पण त्यानंतरचे दोन दिवस माणसाची ओळख करून देतात. त्यांनी आजूबाजूच्या दवाखान्यांत फोन केले का? पोलीस चौकीत, महापालिकेच्या श्वान विभागात विचारलं का? खांबावर, दुकानात कागद लावले का? हे सगळं येत नसेल, लिहिता-वाचता येत नसेल, तर निदान पायी फिरून विचारलं का? आंघोळीच्या वेळी त्याचा कोणता कान दुखतो, हे त्यांना सांगता येतं का? पत्र्याच्या खोलीतला माणूस या कसोटीला उतरतो आणि कधीकधी बंगल्यातला उतरत नाही. पंधरा दिवसांनी कुणीतरी फोटो दाखवल्यावर ‘हो, आमचाच दिसतोय, ड्रायव्हरला पाठवतो’ म्हणणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांच्या बाबतीत मला, कुत्रा ज्याला सापडला त्याच्या बाजूने उभं राहायला जराही संकोच वाटत नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्यानुसार सापडलेल्या कुत्र्याला सात दिवस ठेवून पुढे दुसरं घर देण्याची मुभा स्थानिक यंत्रणेला आहे. न शोधणाऱ्याचा हक्क कधी संपतो, याची अशी स्पष्ट मुदत आपल्याकडेही हवी.

जिथे छळाच्या खुणा आहेत तिथे कुत्रा परत द्यायचा नाही, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणते. पण तिथेही लपवायचं नाही. डॉक्टरांचा लेखी अहवाल, फोटो, पोलिसांत तक्रार. १९६० च्या त्याच दुबळ्या कायद्यात कलम २९ आहे: मालक दोषी ठरला आणि जनावराचे पुन्हा हाल होतील असं दिसलं, तर न्यायालय त्याच्याकडून ते काढून घेऊ शकतं. दंड पन्नास रुपयांचा असला तरी दोषी ठरल्यावर कुत्रा जाऊ शकतो, आणि हेच तर आपल्याला हवं आहे. वेळ लागतो, पोलीस चौकीतला हवालदार ‘कुत्र्यासाठी आलात?’ म्हणून हसतो, हे खरं आहे. तरी अशी प्रत्येक नोंदलेली तक्रार पुढच्या कुत्र्याच्या कामी येते. गुपचूप ठेवून घेतलेल्या कुत्र्याच्या मालकाविरुद्ध मात्र कागदावर काहीच उरत नाही. तो निर्दोषच राहतो आणि पुढचं पिल्लू आणतो.

राहतो तो माणूस, जो क्रूर नाही पण ज्याचा कुत्रा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सापडतो. त्याच्यासाठी परतीच्या अटी कामाच्या आहेत. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. नसबंदी, कारण नसबंदी न झालेल्या नराची भटकंती अनेकदा त्यानेच कमी होते. रेबीजची लस. बाल्कनीला जाळी किंवा फाटकाला आतून कडी, आणि त्याचा फोटो. मायक्रोचिप, जी तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली बसते आणि तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. तिच्यावरून कुत्रा कुठे आहे ते कळत नाही, पण यंत्र फिरवल्यावर तो कुणाचा आहे ते कळतं. इंग्लंडने २०१६ पासून ती सक्तीची केली. पैसे नसतील तर हा खर्च आपण वर्गणी काढून करू, त्याच वर्गणीतून आपण वर्षभर फोस्टरचा खर्च करतोच की.

पुणे महापालिकेत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो, हे कित्येक पाळणाऱ्यांना माहीतच नसतं. त्या परवान्याच्या नोंदीत चिपचा क्रमांक आणि ‘सापडला, परत दिला’ अशा तारखा लिहिण्याची सोय करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. तिसऱ्या वेळेचा निवाडा तिच्यापुढे व्हावा. एक पशुवैद्य, एक वकील, एक प्राण्यांसाठी काम करणारी व्यक्ती, आणि मालकाला बोलायची संधी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबाबत ११ तारखेला एक आदेश दिला आणि २२ तारखेला तो बदलला, तेव्हा सगळा देश दोन गटांत भांडला. घरांतून रस्त्यावर येणाऱ्या कुत्र्यांबद्दल त्यात कितीसं बोललं गेलं? या प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटीला आणि महापालिकेला हे काम करायला लावण्यासाठी आता आपल्या नगरसेवकांकडे अर्ज घेऊन जावं लागेल. ते होईपर्यंत, कुत्रा सापडला आणि मन साशंक असेल, तर दोन्ही बाजूंना न ओळखणारे एक डॉक्टर आणि शेजारचं एखादं जाणतं माणूस बरोबर घ्या. मालकाला घरी बोलावण्यापेक्षा कुत्र्याला घेऊन त्याच्या घरी जा. तो फाटकातून कसा शिरतो, ते पाहा. मग अटींचा कागद पुढे ठेवा आणि त्याची सही घ्या.